बिननावाची दाढ

आमच्या गावात अजूनही कोणाची दाढ सुजली की जुनी माणसं म्हणतात, "बरं झालं तो दातभट मेला. नाव घेतल्याबिगर दात काढत नोता. एक बाई मारली त्यानं." ज्या बाईला त्याने मारलं म्हणतात ती माझी बायको. त्याने तिला मारलं नाही. हे मला ठाऊक आहे, तिला ठाऊक होतं. त्याला मात्र ठाऊक नव्हतं.

मी इतकी वर्षं गप्प राहिलो. ते चांगलं केलं नाही.

त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे दातभट म्हणत, आणि त्यालाही ते चालत असे. जातीचा ब्राह्मण, घर पुजाऱ्याचं. अमरावतीला परकोटाच्या वेशीबाहेर कपाशीचा बाजार भरायचा, त्याला लागून एक विहीर होती, विहिरीवर निंबाचं झाड. त्या झाडाखाली तो बसायचा. उंच, वाळका, खांदे पुढे आलेले. दुरून ओळखायची खूण म्हणजे ओली शेंडी. एक दात काढला की उठायचा, विहिरीतून पाणी ओढायचा आणि एक लोटा डोक्यावर ओतून घ्यायचा. मग दुसऱ्याला बोलवायचा. बाजाराच्या दिवशी जितके दात, तितक्या अंघोळी. मार्गशीर्षातल्या थंडीत ओठ निळे पडत, पंचा अंगाला चिकटलेला असे. गाडीवाले त्याची मजा करत.

"काहो भटजी, लोकायचे काढता, अन् तुमचेच वाजून राहिले!"

"वाजतात म्हंजे आहेत," तो म्हणे. "तुह्यासारखा बोळका नाही मी."

लोकांना वाटे विटाळ म्हणून अंघोळ करतो. एकदा एकाने विचारलंच. तर म्हणाला, "इटाळ नाही रे. मानूस वरडते ते कानात बसते. पान्यानं उतरते."

खरं की खोटं देव जाणे. त्याचं अर्धं बोलणं असंच असे.

त्याचे भाऊ देवळात पूजेला होते. त्यांनी त्याला गाभाऱ्यात येऊ देणं बंद केलं होतं, पंगतीलाही बसू देत नसत. लोकांच्या उष्ट्या तोंडात हात घालणारा ब्राह्मण, म्हणून. तो भावांवर रागावत नसे. म्हणे, "ते देवाच्या तोंडाले नैवेद लावतात, देव खात नाही. मी ज्याच्या तोंडाशी बसतो, तो चार दिसानं भाकर खाते. ज्याचं त्याचं काम."

काम शिकला एलिचपूरच्या छावणीत. तिथल्या पलटणीच्या दवाखान्यात कोणा बाबूकडे स्वयंपाकाला राहिला होता. तिथल्या म्हाताऱ्या मलमपट्टीवाल्याने त्याला दात काढायचं शिकवलं आणि मरताना आपला जंबूर दिला. जंबूर म्हणजे दात उपटायचा चिमटा, लोखंडी, दांडे हाताने घासून गुळगुळीत झालेले. दातभट त्याला जावई म्हणे. दात काढून घ्यायला माणूस समोर बसला की जंबूर पंच्याखाली झाकून ठेवायचा आणि म्हणायचा, "घाबरू नका यजमान. जावई गरीब आहे. येते, मानानं बसते, घरातलं एक मानूस घेऊन जाते. रडतात ते मायबाप."

सगळ्यांना यजमान म्हणायचा. कुणबी असो, तेली असो, बार्शीटाकळीचा मुसलमान गाडीवान असो, यजमान. आधी नखाने एकेक दात वाजवून बघायचा, बाई बाजारात मडकं वाजवून घेते तसा, कान तोंडाजवळ नेऊन. कोणता दात मेला आहे ते आवाजावरून सांगायचा आणि चुकत नसे. काढलेला दात निंबाच्या पानात गुंडाळून ज्याचा त्याला देई. "धुऱ्यावर पुरा," म्हणे, म्हणजे शेताच्या बांधावर. "इतके दिस तुमच्यासाठी झिजला, उकिरड्यावर नका फेकू." बदल्यात ओंजळभर ज्वारी घेई. जास्त दिली तर परत ओते.

ते दिवस कपाशीचे होते. सातासमुद्रापार कुठे लढाई लागली, तिकडची कपाशी येणं बंद झालं आणि आमच्या पऱ्हाटीला कोणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला. आम्हाला लढाई कोणाची ते माहीत नव्हतं. ती संपू नये एवढीच इच्छा होती. माणसं मरत होती आणि आम्ही बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवत होतो. मीही बसवल्या. जरीच्या काठाचं पागोटं घेतलं, मिशीला पीळ द्यायला लागलो, बसायला नवी दमणी गाडी केली. ज्या घरात गूळ सणालाच निघायचा तिथे बाजाराच्या दिवशी जिलबी यायला लागली, आणि दोन-तीन वर्षांत साऱ्या वऱ्हाडाचे दात किडले. दातभट म्हणे, "कपाशीनं घर पांढरं केलं अन् तोंड काळं."

त्याचा एकच नियम होता, तोच पुढे नडला. दात काढताना माणसाने रामाचं नाव घ्यायचं. मनात नाही, मोठ्याने.

"दात तुह्या बापाचा नाही," तो सांगे. "ज्याचा आहे त्याले हाक मार, मंग नेतो."

माणूस "रा" म्हणायचा, तोंड मोठं उघडायचं, श्वास बाहेर जायचा, आणि त्याच घडीला जंबूर आत जाऊन दात घेऊन बाहेर. "म" येई तो रक्ताबरोबर. तो हसून म्हणे, "रा तुमचा, म माहा." ज्यांनी काढून घेतला ते सांगत की दुखलं असं कळायच्या आत निघाला. दुसरी नावं त्याने करून पाहिली होती. विठ्ठल म्हटलं की दातावर दात येतात. गोविंद म्हटलं की ओठ गोल होतात. हरी जमत असे. मुसलमान गाडीवान अल्ला म्हणत, तेही चाले.

एकदा मापारी आला. हा बाजारात धान्य मोजायचा. मोजणारे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. वीस वर्षं तेच तोंडात बसलेलं. दातभट म्हणाला, "हं, घ्या नाव." मापारी भेदरलेला. तोंड उघडलं आणि सवयीने ओरडला, "लाभ!" आता लाभ म्हटलं की भ-ला ओठ मिटतात आणि जबडा बंद. दातभटाचं बोट आत. असं चावलं की हाडापर्यंत गेलं. सारा बाजार जमा झाला. दातभट बोट झटकत नाचत होता आणि हसत होता.

"लाभ तुले झाला रे, घाटा मले!"

त्या बोटाचं पेर वाकडंच राहिलं. मापाऱ्याला त्याने पुन्हा बसवलं, शंभर वेळा "रा" म्हणवून घेतलं आणि मग दात काढला.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत असू. पण हा नियम त्याच्यासाठी हसण्याचा नव्हता. विहिरीवर एकदा त्याने मला सांगितलं होतं. एलिचपुरात असताना एका शिपायाची दाढ त्याने नावाशिवाय काढली. शिपाई ऐटबाज होता, म्हणाला, मला देवबीव लागत नाही, ओढ. याने ओढली. तो शिपाई तीन दिवस बोलला नाही, तापाने फणफणला आणि चौथ्या दिवशी गेला. "माह्या हातानं गेला तो," दातभट म्हणाला. "तवापासून बिननावाचा दात मी काढत नाही. हातच चालत नाही माहा." असं म्हणून त्याने हात पुढे धरला. नुसत्या बोलण्याने तो हात कापत होता.

आता माझ्या घरचं सांगतो.

तिचं नाव लिहीत नाही. तेव्हा नवरेही बायकोचं नाव घेत नसत, मी "अवं" म्हणायचो. लग्नाला पाच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. अंगाने बारीक, कामाला वाघ, आणि बोलायला तिखट. माझं नाव रामावरून. त्यामुळे तिला राम हा शब्दच तोंडातून काढायची बंदी. रामनवमीला ती चैतातली नवमी म्हणे. रामफळाला काय म्हणावं? तर "सीताफळाचा दादला." माझी आई हसून लोटपोट व्हायची. बाया मुद्दाम झाडाकडे बोट दाखवून विचारत, "अवं, हे काय हाय?" आणि ती मान वेळावून सांगे, "सीताफळाचा दादला लागला हाय झाडाले, तुमाले दिसत नाही का?"

कपाशी वेचायच्या हंगामात तिची खालची दाढ दुखायला लागली. आधी लवंग धरली. मग हिंग. मग किडे झाडणारा आला. हे लोक रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात देतात आणि तुमच्या दातातून किडे पडले म्हणून दाखवतात. त्याने किडे दाखवले. दुखणं तसंच. आठव्या दिवशी गाल फुगून डोळा झाकला गेला. ती बाजेवर बसून भिंतीला डोकं लावायची आणि हूं की चूं करत नव्हती. आई म्हणाली, "दातभटाकडं ने बाबू. आजच ने." मी दमणी जुंपली. सहा कोस. ऊन वर आलं तेव्हा आम्ही विहिरीपाशी पोचलो.

बाजाराचा दिवस होता. गर्दी होती. दातभटाने तिच्या गालाकडे पाहिलं आणि समोरच्या दोघांना उठवलं.

"बस माय. नख नाही लावत, पाहूनच समजलं." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "पू झाला आहे. आज निघाली पायजे."

तिला निंबाच्या बुंध्याला टेकवून बसवलं. जंबूर पंच्याखाली. "घाबरू नको. फक्त रामाचं नाव घे."

तिने पदर तोंडावर ओढला.

मीच म्हणालो, "ते माहं नाव आहे."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "हरी म्हन बाई."

"हरी माह्या बाचं," मी म्हणालो. सासऱ्याचं नावही सून घेत नाही.

"मंग महादेव म्हन."

"महादेव माहा मोठा भाऊ."

आता तर सगळा बाजार हसायला लागला. एक गाडीवान म्हणाला, "याच्या घरात सारे देवच जेवाले बसतात! बाईनं नवस कोनाले करावा?"

मलाही हसू आलं होतं, खरं सांगतो. ती पदराआड काय करत होती मी पाहिलं नाही.

दातभट हसला नाही. त्याने हात वर करून गर्दीला गप्प केलं. "ऐका यजमान. नवऱ्यानं हुकूम देल्ला त नाव घ्यायले दोष नाही. पोथीत आहे."

"कोनत्या पोथीत?" कोणी विचारलं.

"माह्या," तो म्हणाला आणि तिच्यापुढे वाकला. "जिवाचं काम आहे माय. घे. नवरा काही म्हनत नाही."

तिने पदर मागे सारला. माझ्याकडे पाहिलं. एक डोळा सुजून बंद होता, एकाने पाहिलं. मग तिने तोंड उघडलं. जबडा नीट उघडत नव्हता, तरी उघडला. आतली दाढ मला दिसली, काळी, भोवती हिरडी पिकलेली. दातभटाने जंबूर उचलला, आणि माझ्या होकारासाठी माझ्याकडे बघत थांबला.

आमच्या गावचा एकजण गर्दीत होता. कपाशीत माझ्याहून वरचढ झालेला, शेंब्या माझ्या आधी बसवलेला. तो मागून म्हणाला, "आज भर बजारात नवऱ्याचं नाव घेते. उद्या काय धुऱ्यावरून हाळी देईन का, ये रे रामा भाकर खायले?"

पुन्हा हशा पिकला.

मी म्हणालो, "नाही. आमच्या घरात नाही चालत."

तिचं तोंड उघडंच राहिलं थोडा वेळ. मग मिटलं.

"यजमान," दातभट म्हणाला, "गळ्यात उतरन हे."

"मंग बिननावाची काढ."

त्याचा चेहरा उतरला. त्याने जंबूर पुन्हा पंच्याखाली सारला. "तसं मले जमत नाही. तुमाले सांगतलं होतं ना मी. तसं नका सांगू."

"मंग राहू दे तुही भटगिरी," मी म्हणालो. तिला दंडाला धरून उठवलं, दमणीत बसवलं आणि बैल हाकले.

गावात मी जे सांगितलं ते इथपर्यंतचं. भटाने नाव मागितलं, बाईच्या जातीला ते घेता येत नाही, बिननावाची काढ म्हणालो तर काढली नाही. यात खोटं काही नाही. पुढचं सांगितलं नाही, ते आता सांगतो.

बाजार मागे पडला. वेशीचा रस्ता संपून शेतं लागली. मागून आवाज आला. मी वळून पाहिलं. दातभट धावत येत होता. नुकतीच अंघोळ केली असावी, अंगावरून पाणी निथळत होतं, पंचा एका हाताने धरलेला, दुसऱ्या हातात जंबूर. पायात काही नव्हतं. धुळीतून तो माणूस धावत होता आणि ओरडत होता.

"थांब! काढतो! बिननावाची काढतो रे, थांब!"

मी ऐकलं. प्रत्येक शब्द ऐकला. तीही ऐकत होती. सुजल्या तोंडातून ती म्हणाली, "अवो, ते बामन मागं धावून राहिले. थांबा ना."

मी म्हणालो, "चूप बस."

बाजार हसलेला माझ्या कानात होता. थांबलो तर दातभट पुन्हा मला सगळ्यांच्या मधून घेऊन जाणार, पुन्हा ते सगळे दात काढणार, असं वाटलं. बैलांना चाबूक दिला. शेंब्या खणखणल्या. तेज बैल होते, धावले. ती मागच्या बाजूला तोंड करून बसली होती, तो दिसेनासा होईतो बघत होती. "थांबा ना" हे तिचं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं. त्यानंतर तिला बोलावंसं वाटलं नाही की बोलता आलं नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दातखीळ बसली. सूज गळ्यापर्यंत उतरली. आई कापसाच्या बोळ्याने ओठांवर पाणी पिळायची, ते गालावरून खाली यायचं. चौथ्या दिवशी सकाळी मी दमणी जुंपली, तिला आत निजवलं, कोणाला काही न विचारता. अर्ध्या वाटेवर नाला आहे. तिथे बैल पाण्याला थांबले. मी मागे वळून आत पाहिलं. मग बैल परत वळवले.

तेराव्यानंतर माझा मोठा भाऊ आणि गावची चार पोरं अमरावतीला गेली. मी गेलो नाही. त्यांनी दातभटाला निंबाखालून ओढून काढलं, मारलं, त्याचा लोटा विहिरीत फेकला आणि पुन्हा या बाजारात दिसलास तर जीव घेऊ म्हणून बजावलं. त्याने हात उचलला नाही म्हणे, तोंडही उघडलं नाही. परत येऊन भाऊ मला म्हणाला, "घेतला बदला." मी त्याला पाणी दिलं.

लोक म्हणाले दुसरी कर. केली नाही. त्याचंही कौतुक झालं. किती जीव होता बायकोवर, म्हणाले. आमच्या गावात आजही बाया माझं उदाहरण देतात.

पुढे ती लढाई संपली आणि कपाशीचा भाव बसला. शेंब्या गेल्या, दमणी गेली. त्याचं मला काही वाटलं नाही. दोन-तीन वर्षांनी कचेरीच्या कामाने अकोल्याला जावं लागलं. रेल्वे आलेली होती, स्टेशनाकडच्या रस्त्याला नवा बाजार बसला होता. माझी वरची दाढ महिनाभर ठणकत होती. मी कोणाला सांगितलं नव्हतं. दुखू दे म्हटलं. पण त्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. एका चहाटळ हमालाला विचारलं, इथे दात काढणारा कोण?

"तथी आहे ना एक आंधळा बामन," तो म्हणाला. "बोटानं पाहते अन् काढते. निस्ता गार असते बावा, मेल्यासारखा."

मला तेव्हाच समजलं. तरी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही.

चिंचेखाली बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, पांढरे. शेंडी ओली. माझं पागोटं नव्हतं, मिशी उतरवलेली, अंगावर मांस नव्हतं. डोळे असते तरी ओळखलं नसतं. मी समोर बसलो आणि शक्य तितकं कमी बोलायचं ठरवलं.

"वरची," मी म्हणालो.

त्याने बोट घातलं. वाकडं पेर माझ्या जिभेला लागलं. "हं. हे मेली आहे कवाची." जंबूर तोच. पण पंच्याखाली झाकला नाही, जावई म्हणाला नाही. "तोंड उघड."

मी वाट पाहत राहिलो. शेवटी मीच विचारलं, "नाव नाही घ्यायचं?"

"कोनी सांगतलं तुले नावाचं?"

"ऐकलं होतं. अमरावतीकडे."

तो जंबूर मांडीवर ठेवून बसून राहिला. "घेत होतो पैले. आता नाही. एक पोरगी दाढ घेऊन वापस गेली. मेली ते."

"नाव नाही घेतलं तिनं?"

"घेत होती रे!" तो एकदम मोठ्याने म्हणाला. "तोंड उघडलं होतं तिनं. एवढुसं उघडत होतं तरी उघडलं. 'रा' आला होता तिच्या गळ्यात, मले दिसला. अन् मी गाढव, नवऱ्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो." त्याचा आवाज खाली आला. "गेल्यावर मंग मले अक्कल आली. म्हटलं नाव गेलं खड्ड्यात, जीव वाचते. धावलो मागं. वरडलो. पन बैल मोठे तेज होते त्यायचे. ऐकू नाही गेलं त्यायले. पन्नास पावलं आधी निघालो असतो त ऐकू गेलं असतं."

मी जिभेने दाढ चाचपत राहिलो.

"नवरा थांबला असता ना," तो म्हणाला. "रागात होता, पन बायकोसाठी सहा कोस आलेलं मानूस, ऐकलं असतं त थांबला असता. नाही का?"

हे त्याने मला विचारलं. पांढरे डोळे माझ्या तोंडाच्या थोडे बाजूला लागले होते. मी तोंड उघडलं. त्याला वाटलं दात काढायला उघडलं. माझ्या हनुवटीखाली हात घातला आणि ओढली. पूर्वीसारखी सफाई नव्हती. दोनदा ओढावी लागली. मी ओरडलो नाही. त्याने कापसाचा गच्च बोळा केला, खड्ड्यात दाबला आणि माझा जबडा आपल्या हाताने मिटवला.

"दोन घडी बोलू नको यजमान. रगत थांबन."

मग तो चाचपडत उठला आणि लोट्याकडे गेला.

मी ओंजळभर ज्वारी चिंचेखाली अंथरलेल्या त्याच्या पंच्यावर ओतली. पाण्याचा आवाज मागे ऐकू आला, वळलो नाही. बाजार ओलांडला, मोर्णा नदीच्या काठापर्यंत चालत गेलो. ऊन कललं होतं. तिथे कापूस थुंकला. बोळा वरवर थोडा लाल, आत पांढराच होता, रक्त केव्हाचं थांबलं होतं. चूळ भरली. एकदा खाकरून पाहिलं, मग मोठ्याने खाकरलो. पलीकडे धुणं धुणाऱ्या बाईने वर पाहिलं. आवाज नीट निघत होता. मी गावची वाट धरली.